चार चिल्लीपिल्ली आणि राणीबाग: डोंबिवलीहून अर्ध्या दिवसाची सहल

आमच्या घरात पाच वर्षांखालची चार मुलं आहेत. माझी अडीच वर्षांची जुळी (एक मुलगा, एक मुलगी), जावेची दहा महिन्यांची धाकटी, आणि नणंदेचा साडेचार वर्षांचा मोठा. हा राहतो ठाण्याला, पण मनाने आमच्याकडेच असतो. या चौघांना घेऊन आम्ही आतापर्यंत तीनदा राणीबागेत, म्हणजे मुंबईत भायखळ्याला असलेल्या प्राणिसंग्रहालयात गेलो. पहिल्यांदा बुधवारी गेलो आणि बंद फाटक पाहून परत आलो. दुसऱ्यांदा सगळी बाग पाहायचीच असा चंग बांधला, तर दुपारी तीन वाजता भायखळ्याच्या फलाटावर चारही मुलं एका सुरात रडत होती आणि मी रडायची तेवढी बाकी होते. तिसऱ्यांदा जमलं.

तिसऱ्या वेळी दोनच गोष्टी बदलल्या होत्या. दिवस अर्ध्यावर आणला, आणि प्रत्येक मुलाला एकेक मोठं माणूस नेमून दिलं. बाकीचं तसं किरकोळ, पण पोरांबरोबर असताना किरकोळ गोष्टीच नडतात, म्हणून तेही लिहिते. आम्ही डोंबिवलीचे, त्यामुळे लोकलचा भाग तिथूनचा आहे. तुम्ही मुलुंड किंवा कल्याणहून येणार असाल तर तेवढं आपापलं जुळवून घ्या.

१. आधी वार ठरवा

राणीबाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, दर बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, गुरुवारी बंद करतात. हा दुसरा नियम कुणाला आठवत नाही. सुट्टीला जोडून रजा काढलेली माणसं गुरुवारी फाटकाशी उभी दिसतात.

रविवार सोपा वाटतो, पण दोन कारणांनी नको. एक, गर्दी. दुसरं, मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही रूळ बंद ठेवणं. तो साधारण सकाळी उशिरा सुरू होतो आणि दुपारी तीन-साडेतीनच्या पुढे संपतो. म्हणजे जाताना गाडी मिळते आणि येताना, नेमकी मुलं झोपेला आलेली असताना, स्लो गाड्या फास्टवर, फास्ट गाड्या स्लोवर आणि अर्धा तास फलाटावर ताटकळत. रविवारीच जाणं भाग असेल तर शनिवारी संध्याकाळी ब्लॉक कुठून कुठे आहे ते पाहून ठेवा.

आमचा कौल शनिवारला. दिराला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, त्यातला एक धरतो. महिना डिसेंबर किंवा जानेवारी. एप्रिल-मेमध्ये मुलांना सुट्टी असते हे खरं, पण दहा महिन्यांच्या बाळाला त्या घामात नेऊ नका.

बाग सकाळी साडेनऊला उघडते. तुम्हीही साडेनऊलाच तिथे हवे. साडेबाराला बाहेर, अडीचच्या सुमारास घरी. संध्याकाळी सहापर्यंत उघडी आहे म्हणून सहापर्यंत थांबायचं नसतं, हे आम्हाला दुसऱ्या फेरीत कळलं.

२. मुलं वाटून घ्या, तोंडी आणि नाव घेऊन

दुसऱ्या फेरीतली गोष्ट सांगते. आम्ही मोठी माणसं पाच होतो: मी, नवरा, दीर, जाऊ आणि सासूबाई. चार मुलांना पाच माणसं, म्हणजे चंगळच. सगळेच सगळ्यांकडे बघत होतो. मी जुळ्यांना पाणी पाजत होते, जाऊ बाळाचं लंगोट बदलत होती, नवरा फोटो काढत होता, दीर नकाशाच्या फलकापुढे उभा होता. सासूबाईंनी विचारलं, "अगं, मोठा कुठेय?" मी म्हटलं, "भाऊजींकडे." दीर म्हणाला, "दादाकडे ना?" नवऱ्याने फोन खाली घेतला आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

चार मिनिटांत सापडला. पन्नास पावलांवर माळीकाका पाइपने झाडांना पाणी घालत होते, त्या पाइपला पडलेल्या भोकातून उडणाऱ्या कारंज्याखाली हा चपला काढून उभा होता. पण ती चार मिनिटं वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत.

तेव्हापासूनची पद्धत अशी. प्रत्येक मुलाचा एक मालक. मालकाला बाजूला व्हायचं असेल, अगदी तिकिटाच्या रांगेत जायचं असेल, तरी तो दुसऱ्याकडे बघून म्हणतो, "हा तुझा." समोरच्याने "माझा" म्हटल्याशिवाय जागचं हलायचं नाही. मान डोलावलेली चालत नाही. सुरुवातीला हसू येतं, पण दुपारपर्यंत मुलंही म्हणायला लागतात. आमची मुलगी परवा दूध पिताना पेल्याला "माझा" म्हणाली.

पाचवं माणूस मोकळं ठेवा. आमच्याकडे ते काम सासूबाईंचं. त्यांचे गुडघे दुखतात, त्यामुळे त्या एका बाकावर चटई आणि पिशव्या घेऊन बसतात, आणि तोच आमचा तळ. हरवलं, थकलं, भूक लागली, भांडण झालं, की तळावर यायचं. मोठ्याला आत शिरल्याबरोबर तो बाक दाखवून ठेवतो: आजी इथे बसली आहे, आजी इथून हलणार नाही.

आई-बाबा दोघंच आणि मुलं तीन किंवा जास्त, असा हिशेब असेल तर माझं स्पष्ट मत: एखादी मावशी, आत्या, शेजारच्या कॉलेजातली ताई, कुणालातरी बरोबर घ्या. तिचं तिकीट आणि जेवण तुमच्याकडून.

३. आदल्या रात्रीची तयारी

कागदपत्रं म्हणाल तर फार नाहीत. मुलांच्या आधार कार्डाचा किंवा जन्मदाखल्याचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या (पाच वर्षांखालच्यांचं बाल आधार निळ्या रंगाचं असतं). आमचा मोठा अंगाने दांडगा आहे, त्यामुळे त्याचं वय कुणाला पटत नाही.

पिशव्या दोनच, दोन्ही पाठीवरच्या. खांद्यावरची पर्स घरी ठेवा. मूल उचलायला वाकलं की ती घसरते आणि त्याच्याच डोक्यावर बसते.

पहिली पिशवी, अंगाची:
- डायपर: घराबाहेरच्या दर तीन तासांना एक, आणि वर दोन
- प्रत्येक मुलाचा कपड्यांचा एक जोड, आणि आईसाठी एक कुर्ता (हा विसरू नका, उलटी नेहमी आईच्या अंगावरच होते)
- दोन दुपटी, एक पंचा, बाळाची कानटोपी
- ओल्या-घाणेरड्या कपड्यांसाठी चेन असलेली रबरी पिशवी
- रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची रिकामी बाटली. कशासाठी ते मुलग्यांच्या आयांना सांगायला नको

दुसरी पिशवी, पोटाची:
- प्रत्येक मुलाची स्वतःची पाण्याची बाटली
- तिखटमिठाच्या पुऱ्या, इडल्या, केळी
- बाळासाठी थर्मासमध्ये मऊ मुगाची खिचडी
- ओआरएसची पुडी
- ताप उतरायचं औषध, बाळाच्या डॉक्टरांना वजनानुसार मात्रा विचारून, ती बाटलीवर लिहून

ओआरएसबद्दल थोडं. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर अख्खी पुडी एक लिटरमध्येच घालायची. अर्धी पुडी अंदाजाने पेल्यात ढवळली की मिठाचं प्रमाण चुकतं. आणि दुकानात खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे.

खाऊच्या डब्यात शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. चालत्या गाडीत, हसता-पळताना ही घशात अडकतात. द्राक्षं न्यायचीच असतील तर उभी चिरून. चिक्की आणि पॉपकॉर्नही मी या यादीत घालते, सासूबाईंचा विरोध असला तरी.

बाबागाडीचं काय? आम्ही एकदा नेली. पुलाच्या पायऱ्यांवर ती दिराने उचलली, गाडीत ती लोकांच्या पायात आली, बागेत तिच्यात कुणी बसलं नाही आणि दिवसभर आम्ही तिच्यातून पिशव्या फिरवल्या. लोकलने जाणार असाल तर बाळ पोटाशी बांधायची झोळी बरी. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर खुशाल न्या.

शेवटचं काम सकाळी दारातच करायचं: चौघांचा एकत्र फोटो, त्या दिवशीच्या कपड्यांत. मूल चुकलं तर "कोणता शर्ट होता?" या प्रश्नाला आईलासुद्धा उत्तर सुचत नाही. मनगटाच्या वर बॉलपेनाने मोबाइल नंबर लिहा. नाव लिहू नका, अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मूल ओळखीचं समजून जातं. चुकलेल्या मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, पोलिसांसाठी ११२. दोन्ही नंबर फोनमध्ये आधीच घालून ठेवा.

४. लोकल: चढणं सोपं, उतरणं अवघड

पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. मोठ्यांचं तिकीट मोबाइलवर घरूनच काढा.

गाडी डोंबिवलीहूनच सुटणारी, स्लो. कर्जत-कसाऱ्याहून भरून येणाऱ्या फास्टमध्ये वीस मिनिटं वाचतील, पण बसायला मिळणार नाही. स्लोला भायखळ्यापर्यंत साधारण तास लागतो आणि तो तास मुलांना सहलच वाटते. बायका लेडीज डब्यात आणि पुरुष जनरलमध्ये अशी फाटाफूट करू नका. सगळे जनरलमध्ये, एकाच डब्यात. रिकाम्या गाडीत चढताना घाई नसते, तरी मुलांना चालवू नका, उचलून घ्या. फलाट आणि डबा यांच्यातली फट अडीच वर्षांच्या पावलाला पुरेशी मोठी असते.

दादरला डबा बराच रिकामा होतो. तिथे उठायची चूक करू नका, लोंढ्यात सापडाल. परळ, करी रोड, चिंचपोकळी. चिंचपोकळी सुटली की उठायचं आणि दाराशी हा क्रम लावायचा: सर्वांत पुढे एक माणूस मोकळ्या हातांनी. मग मुलं घेतलेली माणसं. त्यांच्यामागे सासूबाई. सर्वांत शेवटी पिशव्यावाला, ज्याने सीटखाली आणि सीटवर नजर फिरवलेली असेल. आमच्याकडे पुढे दीर आणि शेवटी नवरा. म्हणजे माझ्याकडे एक, जावेकडे झोळीत बाळ, आणि उरलेले दोघं दीर खाली उतरून मागे वळून एकेक घेतो. गाडी थांबते अर्धं मिनिट. तेवढं पुरतं, पण दाराशी "आधी कोण?" ही चर्चा झाली नाही तरच.

भायखळ्याला पूर्वेला बाहेर पडायचं. तिथून बाग मोठ्या माणसाला दहा मिनिटं, आमच्या वरातीला वीस. रस्ता वाहता आहे. मी टॅक्सी करायला कमीपणा मानत नाही.

५. तिकीट

२०१७ मध्ये दर वाढले ते असे: मोठ्यांना ५० रुपये, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना २५, आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांचं मिळून १००. तीन वर्षांखाली फुकट. निघण्याआधी सध्याचे दर पाहून घ्या. आमचा हिशेब पाच मोठे आणि एक अर्धा, २७५ रुपये.

रांगेत एकच माणूस. बाकी सगळे बाजूला सावलीत. आणि आत शिरल्याबरोबर सर्वांना स्वच्छतागृहात नेऊन आणा, "मला नाही लागली" म्हणणाऱ्याला आधी.

६. आत गेल्यावर दोनच गोष्टी

बाग जुनी आहे, १८६२ पासूनची, आणि पसरलेली. सगळं पाहू म्हणाल तर आमच्या दुसऱ्या फेरीसारखं होईल. दोन गोष्टी ठरवा. तिसरी वाटेत आपोआप मिळते.

पहिली पेंग्विन, तीही आल्या आल्या. अकराच्या पुढे रांग वाढत जाते. आत गारठा असतो, म्हणून कानटोपी. अंधारही असतो आणि आवाज घुमतो. आमचा जुळा पहिल्यांदा दारातच मागे फिरला. त्याला ओढू नका. एकाने बाहेर थांबायचं, बाकीच्यांनी जाऊन यायचं.

हे हम्बोल्ट पेंग्विन. २०१६ मध्ये सोलहून आठ आणले, २०१७ च्या मार्चपासून लोकांना पाहता येऊ लागले, पुढे इथे पिल्लंही झाली. मोठ्याचा पहिला प्रश्न: "बर्फ कुठेय?" दिराने वाचून ठेवलं होतं. तो म्हणाला, हे बर्फातले नाहीतच, हे पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. यावर मोठा बराच वेळ काचेला नाक लावून उभा राहिला. रांग पुढे सरकायला लागली तरी हलेना. शेवटी विचारलं तर म्हणाला, "पेरू कधी देणार त्यांना?"

दुसरी गोष्ट म्हणून आम्ही पक्ष्यांचा मोठा पिंजरा निवडला, ज्यात आपणच आत चालत जातो. पक्षी डोक्यावरून उडतात, मुलांना उचलून धरावं लागत नाही. वाघ मोठ्यांना बघायचा असतो. तो झाडाआड झोपलेला असतो आणि "तो बघ, तो बघ, पिवळं दिसतंय ना" यात वीस मिनिटं जातात, त्या वेळात अडीच वर्षांच्या मुलाला फक्त कठड्याचं लोखंड दिसत असतं. पाणघोड्याचंही तेच. आमच्या मुलीने त्याला दगड ठरवलं, आणि दगड हलल्यावर ती घाबरून रडली.

तिसरी, वाटेत मिळालेली गोष्ट म्हणजे दगडी हत्ती. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं ते याच हत्तीवरून. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडून फुटला, आणि १९१४ मध्ये तुकडे जोडून इथे उभा केला. मुलांना एवढंच सांगितलं की हा पडला होता आणि त्याला जोडलं. जुळ्याच्या गुडघ्याला तेव्हा पट्टी होती. तो हत्तीभोवती फिरून त्याची पट्टी शोधत होता. खरं तर बागेत खराखुरा काळा घोडाही आहे, १९६५ मध्ये फोर्टातून हलवलेला, घोड्यावर बसलेल्या सातव्या एडवर्डचा पुतळा, ज्याच्यावरून तिथल्या भागाचं नाव काळा घोडा पडलं. पण मुलांना त्याच्यावर बसायचं होतं, ते जमत नाही म्हटल्यावर त्यांनी तो नापास केला.

संग्रहालय सुंदर आहे. या वयाच्या मुलांना घेऊन आत जाऊ नका. काचेची कपाटं आहेत.

७. भुकेच्या आधी खाणं

मुलं "भूक लागली" म्हणतात तोवर उशीर झालेला असतो. दहा वाजता केळं, सव्वाअकराला पोटभर. आधी बाळाची खिचडी, कारण तिला थांबता येत नाही. खाताना चटई झाडाखाली पसरा पण फांदीच्या थेट खाली नको, वर कावळे असतात. कावळ्याने पुरी नेली की चारही मुलं आपापली पुरी त्याला द्यायला निघतात. प्राण्यांना काही घालायचं नाही, हे तिथेच ठामपणे सांगा.

प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका. वापरलेलं डायपर गुंडाळून रबरी पिशवीत, तिथून कचऱ्याच्या डब्यात. संडासात टाकणाऱ्यांना मी मनातल्या मनात फार वाईट बोलते.

फुगेवाला, भिंगरीवाला बाहेर पडताना भेटेल. एकाला घेतलं तर चौघांना घ्यावं लागतं, आणि चौघांना एकाच रंगाचं. बाळालासुद्धा. आम्ही एकदा बाळ लहान आहे म्हणून तीनच घेतले, आणि जुळ्यांनी बाळाचा फुगा कुठेय म्हणून रस्त्यात धरणं धरलं.

८. परतीची झोप

साडेबाराला बाहेर. कुणी म्हणेल, अजून वाघ राहिला. राहू द्या. नेमकी मजा येत असताना निघायचं, किरकिर सुरू झाल्यावर निघालात तर उशीर झाला.

येतानाही डोंबिवली स्लोच पकडा. गाड्या सुटतात त्या सीएसएमटीपासून भायखळा हे तिसरंच स्टेशन, त्यामुळे दुपारी बसायला मिळतं. आमची चारही मुलं घाटकोपरच्या आत झोपली. नंतर नवरा झोपला, दीर झोपला, आणि मला वाटतं मुलुंडनंतर मीही. कसारा किंवा कर्जत गाडीत बसलो असतो तर कुठे जागे झालो असतो देव जाणे. डोंबिवली लोकल डोंबिवलीला संपते. डबा रिकामा झाल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना उठवलं. त्या जाग्या होत्या, मोजत होत्या.

९. घरी आल्यावर

मुलांना झोपेतून उठवून आंघोळ घालायच्या भानगडीत पडू नका. हात-पाय-तोंड ओल्या पंचाने पुसा आणि निजवा. पिशव्या मात्र त्याच रात्री उपसा, तळापर्यंत. आमच्या पोटाच्या पिशवीतून आठवड्याने वास यायला लागला म्हणून नवऱ्याने हात घातला. जे हाताला लागलं ते केळं होतं, हे त्याच्या देठावरून कळलं.